लग्न नावाची फाइल

बारावी झाल्यावर मी आर्वीत व्हिडिओ शूटिंगच्या एका दुकानात कामाला लागले, ती माझ्या अक्षरामुळे. माझे बाबा आमच्या गावी, रोहण्यात, दुसऱ्याच्या वावरात राबायचे, पण अक्षराच्या बाबतीत फार कडक. रेघेच्या खाली गेलेला एक उकार दिसला तरी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावत. दुकानाच्या मालकांना एकदा कॅसेटांवर नावं लिहून देणारं कोणी हवं होतं, त्यांनी माझी वही पाहिली आणि उद्यापासून ये म्हणाले.

मालकांना सगळा बाजार भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणू लागले. घराणं कापडाच्या व्यापारातलं. थोरल्या भावानं गादी सांभाळली आणि यांनी व्हीसीआर भाड्यानं देता देता कॅमेरा घेतला. नव्वदच्या दशकात तालुक्यातल्या लग्नात भाऊंचा हॅलोजन लागला नाही तर लग्नाला लग्नपण आलं असं लोक मानत नसत. नवरदेव घामाघूम होई, भटजी डोळ्यांवर पोथी धरत, पण लाइट बंद करा असं कोणी म्हणत नसे.

माझं काम सोपं होतं. लग्नाची कॅसेट तयार झाली की तिच्या कडेला चिठ्ठी लावायची. मुलीचं गाव, दोन्हीकडची आडनावं, तारीख. भिंतीला लोखंडी घोडा होता, त्यावर गावाप्रमाणे कॅसेटा उभ्या लावायच्या. कोणी येऊन म्हणालं, आमच्या भाचीच्या लग्नाची अजून एक प्रत पाहिजे, की मी उभ्या उभ्या हात घालून कॅसेट काढून द्यायचे. मला त्याचा अभिमान होता. दोनेक वर्षांत मी मिक्सिंगही शिकले. दोन व्हीसीआर जोडून एकावर चालवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, मधे नवरा-नवरीचा फोटो कमळात बसवायचा. शहात्तर पाकळ्यांचं असेल ते कमळ, पण लोकांना तेच आवडायचं.

दोन हजार सालानंतर दुकानात कॉम्प्युटर आला आणि माझा घोडा निकामी झाला.

आता शूटिंग छोट्या कॅसेटवर व्हायचं, ते मशीनमध्ये उतरवायचं, तिथेच कापायचं, जोडायचं, आणि मग तयार तुकड्याची एक सलग फाइल काढायची. त्या फाइलवरून सीड्या बनायच्या. सीड्या गिऱ्हाइकाला दिल्या की ती छोटी कॅसेट दुसऱ्या लग्नाला वापरायची, कारण कॅसेटा मोजक्याच होत्या. म्हणजे लग्नाची आमच्याकडची एकच खूण राहायची, मशीनमधली फाइल. आणि त्या फाइलीला कड नव्हती. चिठ्ठी कुठे लावणार?

त्यातून लोडशेडिंग. लाइट सकाळी अमुक वाजता जाणार, दुपारी तमुक वाजता येणार, असा कागद आम्ही भिंतीला चिकटवून ठेवला होता. बॅटरी पाच मिनिटं टिकायची. पूर्ण लग्नाची फाइल एका दमात काढायला गेलं तर मधेच लाइट जाऊन सगळं फुकट जाई. म्हणून आम्ही तुकडे पाडायचो. हळद वेगळी, वरात वेगळी, लग्न वेगळं, पंगत वेगळी, विदाई वेगळी. प्रत्येक तुकड्याच्या वेळी मशीन विचारायचं, कुठे ठेवू? नाव काय देऊ? मग ड्राइव्ह उघडा, नवा फोल्डर करा, त्याला नाव द्या, आत जा, तुकड्याला नाव द्या. इंग्रजी अक्षरं एकेका बोटानं शोधत. एका लग्नाला हे पाच-सहा वेळा. घड्याळाकडे पाहत पाहत आम्ही जो फोल्डर समोर उघडा असेल त्यातच टाकायचो. फोल्डरांची नावंही मशीननंच ठेवलेली, नवा फोल्डर, नवा फोल्डर दोन, नवा फोल्डर सतरा. मग नीट लावू, असं भाऊ म्हणायचे. मीही म्हणायचे.

दोन-तीन वर्षं असंच चाललं. मग एका उन्हाळ्यात, लग्नसराई संपत आलेली असताना, नदीकडच्या एका गावाहून एक मावशी आणि त्यांची मुलगी दुकानात आल्या. मुलगी माझ्याच वयाची. तिचं लग्न आम्हीच काढलं होतं, आदल्या वर्षी. मावशींनी पिशवी मांडीवर घेतली आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"आमच्या लग्नाच्या शीड्या सासरी राहिल्या. तो आता देत नाई. कोर्टात सांगून राह्यला का लग्न झालंच नाई. तुमच्या मशीनमंदी असन ना?"

त्यांचं बाकीचं बोलणं मी तुकड्या-तुकड्यानं समजून घेतलं. मुलगी सहा महिने नांदली, मग तिला माहेरी आणून सोडलं. त्या माणसानं दुसरीकडे जुळवलं होतं. घरापुढच्या मांडवातलं लग्न, नोंद कुठे केलेली नाही, पत्रिका छापली होती पण नुसत्या पत्रिकेनं काय होतं. फोटो काढणारा मुलाकडचा होता, त्यानं हात वर केले. वकिलांनी सांगितलं होतं, व्हिडिओ मिळाला तर बघा, पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

भाऊ म्हणाले, आहे, कुठे जाते, चार-पाच दिवसांनी या. निघताना मुलीनं मशीनकडे पाहिलं, जणू त्याच्या आत कोणी बसलं आहे.

पहिल्या दोन दिवसांत काही मिळालं नाही. नावावरून काही कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक फाइल उघडायची, चेहरे बघायचे, बंद करायची. लाइट असेल तेवढा वेळ. भाऊ शूटिंगला जात, मी एकटी बसे. चार दिवस मी दुसऱ्यांची लग्नं पाहिली. तिसऱ्या दिवशी मला त्या मुलीची हळद सापडली. ती हसत होती आणि कोणीतरी तिच्या कानाला हळद लावत होतं. त्याच फोल्डरात वरात होती, पंगत होती, विदाई होती. लग्न नावाची फाइलही होती. मी ती उघडली, तर मांडव वेगळा, नवरी वेगळी, गाव वेगळं.

मी त्या फाइलीची तारीख आणि वेळ पाहिली. मग भाऊंची वही पाहिली. त्या दिवशी ते कारंज्याला शूटिंगला गेले होते. म्हणजे दुकानात मी होते. मग मला आठवलंही. दुसऱ्या कोणाच्या लग्नाचे तुकडे मी काढत होते. हळदीचं स्पेलिंग त्या दिवशी मी वेगळं लिहिलं, पंगतीला जेवण म्हटलं, वरात-विदाई दुसऱ्याच फोल्डरात काढली, म्हणून ते जुन्या फाइलींच्या शेजारी जाऊन बसले. पण लग्न हा शब्द मी दोन्ही वेळा सारखाच लिहिला. मशीननं विचारलं असणार, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? लाइट जायला आली होती. मी होय म्हटलं. वाचलंसुद्धा नसेल.

चौथा दिवस मी बाकीचे सगळे ड्राइव्ह पाहण्यात घालवला, कुठे दुसरी प्रत असेल या आशेनं. नव्हती.

भाऊंना सांगितलं, तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "खरं सांगाची काही गरज नाई. मशीन बिघडलं म्हण. लोकाईले मशीनचं काय समजते?"

पाचव्या दिवशी त्या दोघी आल्या. भाऊ काउंटरवर होते. मी दोघींना आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला, पाणी दिलं. मशीन बिघडलं हे वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ती मुलगी माझ्याकडे अशी पाहत होती, की याआधी पुष्कळ लोकांनी तिला अशीच काही वाक्यं ऐकवली असणार हे मला दिसलं. लग्न झालंच नाही, हे तिचा नवरा म्हणत होता. फोटो नाहीतच, हे फोटोवाला म्हणत होता.

मी म्हटलं, "ताई, लग्नाचा भाग मशीननं नाई खाल्ला. माझ्या हातानं पुसल्या गेला. दुसऱ्याची फाइल त्याच्यावर ठेवली मी."

मावशींनी डोक्याला हात लावला. मुलीनं विचारलं, "मंग उरलं काय?"

"हळद, वरात, पंगत, विदाई."

"पंगतीत त्यानं माहं नाव घेतलं होतं. ते हाय का?"

आम्ही तिघी मशीनपुढे बसलो. पंगत लांबलचक होती, वाढपी, द्रोण, पत्रावळी, बुंदीची टोपली. मी पुढे ढकलत गेले. मग शेवटच्या पंगतीत ते दोघं बसलेले दिसले. दोघांच्या कपाळाला मुंडावळ्या, उपरण्याची आणि शालूची गाठ तशीच, तिच्या गळ्यात नवीन काळी पोत. बाया मागे लागल्या होत्या. आधी तिनं नाव घेतलं, मान खाली घालून. मग त्यानं आढेवेढे घेतले, आणि कोणीतरी ताट ओढून घ्यायची भीती घातल्यावर त्यानं उखाण्यात तिचं नाव घेतलं, माझी बायको म्हणून, ठणठणीत आवाजात, आणि तिला बुंदीचा घास भरवला. मागे त्याचा बाप उभा राहून हसत होता.

मुलीनं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "हे द्या."

मी दोन प्रती काढून दिल्या. एक वकिलाला, एक त्यांच्या घरी.

त्या गेल्यावर मी भाऊंना सांगितलं, की मी खरं सांगितलं. ते म्हणाले, ऐकलं मी. संध्याकाळी मी बसला निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, उद्या येशील ना? मी म्हटलं, येईन, पण हे असं चालणार नाही. काय चालणार नाही ते मला तेव्हा नीट सांगताही आलं नाही.

बसमध्ये मी विचार करत होते. निघताना भाऊ म्हणाले होते, इथून पुढे शिस्तीनं ठेवू. पण शिस्त मला होतीच. घोड्यावरची एक कॅसेट कधी चुकली नव्हती. चूक झाली ती घाईत, आणि घाई काही संपणार नव्हती. लाइट जाणारच, गिऱ्हाईक दारात उभं राहणारच. म्हणजे नीट ठेवायला चुकीचं ठेवण्यापेक्षा कमी वेळ लागला पाहिजे. तसं झालं तरच माणूस घाईतसुद्धा नीट ठेवेल. हे मनात पक्कं झालं तेव्हा बस रोहण्याच्या फाट्यावर आली होती.

आर्वीतच एक कॉम्प्युटर क्लास होता, स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर. तिथले सर मला ओळखत होते, कारण त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं मिक्सिंग मी केलं होतं. मी त्यांना विचारलं, की मशीनला एकदा सांगून ठेवलं तर ते स्वतःच फोल्डर करून ठेवेल का? सर म्हणाले, करेल की. कामाच्या ओळी एका फाइलीत लिहून ठेवायच्या, ती फाइल चालवली की मशीन त्या ओळी वरून खाली पाळत जातं. पण ओळी तुम्हाला लिहाव्या लागतील, मी लिहून देणार नाही, नाहीतर बिघडलं की पुन्हा माझ्याकडे याल.

मग लोडशेडिंगचा मला उपयोग झाला. दुपारी लाइट गेली की दुकानात करण्यासारखं काही नसे. मी वही घेऊन माडीवर जायचे. तिथेही लाइट नसायची, पण कागदाला लाइट लागत नाही. मी ओळी लिहायचे, सर पेन्सिलीनं खुणा करायचे. लाइट आली की दुकानात येऊन टाइप करायचे. पहिल्यांदा चालवलं तेव्हा गावाचं नाव दोन शब्दांचं होतं. मशीननं त्याचे दोन फोल्डर केले, एक आधीच्या शब्दाचा, एक नंतरच्याचा, आणि दोन्हीत सगळं रिकामं. भाऊ पाहत होते. ते म्हणाले, "एका गावाचे दोन गावं केले तुह्या मशीननं." मी पुन्हा माडी चढले.

गावांच्या नावांनी फार छळलं. एकच गाव मी एका स्पेलिंगनं लिहायचे, भाऊ दुसऱ्यानं. मशीनला ती दोन गावं वाटायची. शेवटी मी एक दिवस एसटी डेपोत गेले आणि वेळापत्रकाच्या फलकासमोर उभी राहून सगळी गावं वहीत उतरवून घेतली, रस्त्याप्रमाणे. पुलगाव रस्ता, तळेगाव रस्ता, कौंडण्यपूर रस्ता. कंट्रोलरनं विचारलं, काऊन लिहून राह्यली? मी म्हटलं, गावं हरवतात आमच्याकडे. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं खिडकीतून दोन गावं आणखी सांगितली, जी फलकावरून पुसली होती. प्रत्येक गावाला मी एक आकडा दिला. मोठ्या कागदावर चांगल्या अक्षरात लिहून मशीनच्या मागे भिंतीला लावलं. आता गावाचं नाव टाइप करायचंच नव्हतं. आकडा द्या, नाव मशीन घालेल.

मग आतल्या फोल्डरांची यादी. ती मी भाऊंना करायला सांगितली, कारण त्यांनी केलेली यादी ते पाळतील असं मला वाटलं. त्यांनी लिहिलं, हळद, सीमांतपूजन, वरात, लग्न, पंगत, विदाई. शेवटी लिहिलं, इतर.

मी विचारलं, इतरमध्ये काय जाईल? ते सहज म्हणाले, बारसं, वास्तू, तुमच्याकडली लग्नं.

आमच्याकडली म्हणजे बौद्धांची. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आजही खात्रीनं सांगता येतं. आमच्या लग्नात सीमांतपूजन नसतं, मंगलाष्टकं नसतात, त्यामुळे त्यांच्या यादीत ते बसत नव्हतं, एवढंच. पण मशीनमध्येही भाऊंनी हातानं नाव दिलेला एकच जुना फोल्डर होता, इतर, ती सगळी लग्नं त्यात पडली होती, आणि त्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं.

मी म्हटलं, "भाऊ, आमच्याकडली लग्नं लग्नं नाई का?"

त्यांनी पेनाचं टोक कागदावरून उचललं. मग म्हणाले, "तसं नाई म्हटलं मी. तू सांग, काय काय असते ते." मी सांगितलं, वंदना, प्रतिज्ञा, हार, भोजन, निरोप. त्यांनी दुसरा कागद घेऊन स्वतःच्या हातानं ती यादी लिहिली आणि पहिल्या कागदावरचा इतर खोडला. बारशाला आणि वास्तूला वेगळी ओळ केली. त्यानंतर आम्ही या विषयावर कधी बोललो नाही.

मुख्य अडचण अजून बाकी होती. फोल्डर तयार झाले तरी फाइल काढताना पुन्हा शोधत शोधत तिथपर्यंत जावं लागत होतं, आणि घाईत कोणी जाणार नव्हतं. सरांनी एक युक्ती दाखवली. मशीनला सांगता येतं, की अमुक फोल्डरला एका ड्राइव्हचं अक्षर दे. खरा ड्राइव्ह नाही, नुसतं दार. दाराचं नाव कायम तेच, आतली खोली आपण सांगू ती. आम्ही त्या दाराला व्ही हे अक्षर दिलं. मिक्सिंगच्या प्रोग्रामला एकदाच सांगून ठेवलं, की जे काढशील ते व्हीमध्ये ठेव. सकाळी काम सुरू करताना गावाचा आकडा आणि आडनाव दिलं, की त्या लग्नाचे फोल्डर तयार होत आणि व्हीचं दार त्यांच्यावर उघडे. दिवसभर काही शोधायचं नाही. हळद हळदीत, वरात वरातीत.

मला वाटलं, झालं. दोन दिवस मी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी भाऊंनी एक लग्न संपवून दुसरं घेतलं आणि दार बदलायचं विसरले. दुसऱ्या लग्नाची हळद पहिल्या लग्नाच्या फोल्डरात जायला निघाली. मशीननं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ठेवू का? मी नेमकी शेजारी होते. मी त्यांचा हात धरला. मालकाचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता.

म्हणजे मी तीच चूक अजून सोपी करून ठेवली होती.

आणखी दोन आठवडे गेले. शेवटी ओळी अशा केल्या, की एक लग्न संपलं, की मशीनला 'झालं' असं सांगायचं. मग ते प्रत्येक फाइलीच्या नावापुढे गाव आणि आडनाव घालेल, तिला कुलूप लावेल, म्हणजे तिच्यावर दुसरं काही ठेवता येणार नाही, आणि व्हीचं दार काढून टाकेल. दार नसेल तर प्रोग्राम फाइल काढायलाच तयार होत नसे. लाइट जाऊन मशीन बंद पडलं तरी दार आपोआप नाहीसं व्हायचं, आणि पुन्हा आकडा द्यावा लागायचा. भाऊंना याचाच राग. दिवसातून दोनदा लाइट जाणार, दोनदा आकडा कोण देणार? ते एकदा चिडून, जागा हातानं बदलून, सरळ डेस्कटॉपवर फाइल काढू लागले.

मी म्हटलं, घड्याळ लावून पाहू. एकाच लग्नाचे सहा तुकडे, आधी तुम्ही तुमच्या पद्धतीनं ठेवा, नावं देऊन, गावाच्या फोल्डरात, जसं ठेवू ठेवू म्हणतो तसं. मग मी माझ्या पद्धतीनं. भाऊंना पैज आवडायची. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. त्यांना नुसतं ठेवायला आणि नावं द्यायला जितका वेळ लागला तितक्यात शेजारच्या हॉटेलातून चहा मागवून पिऊन झाला. माझं आकडा, आडनाव, आणि शेवटी 'झालं', एवढंच. ते स्क्रीनकडे वाकून पाहत राहिले, फोल्डर उघडून उघडून तपासले. मग घड्याळ परत भिंतीला लावलं. डेस्कटॉपवर त्यांनी त्यानंतर काही ठेवलं नाही.

चातुर्मासात लग्नं नसतात. ते चार महिने मी मशीनमधला जुना साठा साफ केला. जवळपास तीन वर्षांचा ढीग. प्रत्येक फाइल पाहून ओळखायची. काही गावं शाळेच्या भिंतीवरून कळायची, काही वरातीतल्या मारुतीच्या देवळावरून. जिथे कळेना तिथे मी चेहऱ्याचं चित्र कागदावर छापून काउंटरवर लावायचे, आणि बाजाराच्या दिवशी आलेली माणसं सांगायची, हे तर आमच्या गावचे पाटील, ही अमक्याची सून. काही फाइली शेवटपर्यंत ओळखू आल्या नाहीत. त्या मी पुसल्या नाहीत.

त्या दिवसांत मावशी एकदा एकट्याच आल्या. पंगतीची सीडी वकिलांनी दिली होती. पुढच्या तारखेला समोरच्यांनी लग्न झालंच नाही हे म्हणणं सोडलं. बाकीचं भांडण अजून होतं, आणि ते पुढेही पुष्कळ दिवस चाललं असं मी नंतर ऐकलं. पण त्यांच्या मुलीला गावात कोणी बिनलग्नाची म्हणत नव्हतं. ती सावंगीला दवाखान्यात कामाला लागली होती. मावशींनी पिशवीतून संत्री काढून टेबलावर ठेवली. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी म्हटलं, तो भाग असता तर इतका त्रासच झाला नसता. त्या म्हणाल्या, "नसता झाला. पण तू सांगितलं म्हणून पोरीले पंगत आठोली. मशीन बिघडलं म्हटलं असतं तं आमी तसेच वापस गेलो असतो."

मी संत्री घेतली. एवढ्यानं माझी चूक फिटली असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पुढच्या लग्नसराईत पुलगावचा एक मिक्सिंगवाला भाऊंकडे आला होता, त्यानं आमचं काम पाहिलं आणि त्या ओळी फ्लॉपीवर मागितल्या. भाऊ म्हणाले, देऊ नको, ही आपली चीज आहे. मी म्हटलं, त्याच्याकडेही कोणाचं तरी लग्न पुसलं जात असेल. भाऊ दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी फ्लॉपी त्यांनीच त्याच्याकडे पाठवली, आणि सोबत गावांचा कागद माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला, कारण त्याच्या रस्त्यावरची गावं वेगळी होती.

मी त्या दुकानात आणखी चार वर्षं राहिले. त्यातला एक दिवस सांगण्यासारखा आहे, तो त्यात काही घडलं नाही म्हणून. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांची बस अर्ध्या तासानं होती. नातीच्या लग्नाची सीडी घासली गेली, दुसरी मिळेल का? लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी गाव विचारलं, आडनाव विचारलं. भिंतीवरचा आकडा पाहिला. फोल्डर उघडला, सहाच्या सहा तुकडे आपापल्या जागी होते. सीड्या लिहायला लावल्या. तेवढ्यात त्यांनी मला यंदाच्या कापसाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. सीड्या झाल्या, मी कागदाच्या पाकिटात घालून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या रुमालात बांधल्या, चपला घातल्या आणि डेपोकडे चालू लागले. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी मात्र दारात जाऊन उभी राहिले, त्यांची बस सुटेपर्यंत.